मुलांचा हिरमोड आणि 'आई, माझ्याकडे बघ ना'

पारवा (धागाकर्ती)

माझी लेक साडेपाच वर्षांची आहे. वर्गात प्रत्येकाने एकेक कविता म्हणून दाखवायची असं ठरलं होतं. हिची तयारी कधीपासून चालली होती. आंघोळ करताना कविता, जिना चढताना कविता, झोपताना कविता. कुठे हात वर करायचा, कुठे क्षणभर थांबायचं, सगळं ठरलेलं. त्या दिवशी मुलं क्रमाने उठत गेली आणि हिच्या आधीच्या मुलाची कविता संपता संपता घंटा झाली. बाई म्हणाल्या, "उरलेल्यांचं नंतर बघू." ते 'नंतर' अजून उजाडलेलं नाही.

घरी आल्यावर बाईसाहेब अवाक्षर बोलल्या नाहीत. दप्तर जागेवर ठेवलं, हातपाय धुतले, जेवली. संध्याकाळी धाकटा (तीन वर्षांचा) चित्र रंगवत होता आणि आजी त्याचं कौतुक करत होत्या. ही शांतपणे उठली आणि ब्रश बुडवायच्या भांड्यातलं पाणी तिने त्याच्या कागदावर ओतलं. पळाली नाही, लपली नाही. तिथेच उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रात्री भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाईंना माझं नाव माहितीये ना गं?" तेव्हा कुठे मला सगळं उलगडलं.

तेव्हापासून दिवसभर 'आई बघ, आई इकडे बघ' सुरू आहे. एका पायावर उभी राहिली तरी बघायचं, मोजा उलटा घातला तरी बघायचं. घरातली मोठी माणसं म्हणतात, लक्ष देऊ नकोस, सवय लागेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही तेही धड सांगता येत नाही. हिरमोड पचवायला एवढ्याशा मुलांना कशी मदत करता तुम्ही? बाईंशी बोलावं का? आणि या 'बघ ना'चं काय करायचं?

---

ओंजळ

किती गुणी पोर आहे! 'बाईंना माझं नाव माहितीये ना' वाचून पोटात कालवलं. तिला कविता म्हणता आली नाही याहून आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटलं, ते जास्त लागलं असणार. माझ्याकडे उत्तर नाही, पण धागा वाचत राहणार आहे.

---

कातळ

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. वर्गात तीस-चाळीस मुलं असतात, वेळ संपतो, कुणाचा तरी नंबर राहतो. यात कुणीही काही वाईट केलेलं नाही. जगात सगळं आपल्या मनासारखं होत नाही हे लहानपणीच कळलेलं बरं. आपण प्रत्येक हिरमोडाचा एवढा ऊहापोह केला तर मुलांना वाटेल की खरंच काहीतरी भयंकर घडलंय. माझ्या मुलाला मी सांगतो, "नाही जमलं, पुढच्या वेळी," आणि त्याला मैदानावर घेऊन जातो. पाचव्या मिनिटाला तो विसरलेला असतो.

आणि भावाच्या चित्रावर पाणी ओतलं त्याचं काय? कारण कळलं म्हणून ते चालवून घ्यायचं का?

---

दीपमाळ

मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवते, म्हणून वर्गाच्या बाजूने लिहिते.

पारवाताई, बाईंशी नक्की बोला. तक्रार म्हणून बोलू नका, माहिती म्हणून बोला. "तिने तयारी केली होती, नंबर आला नाही, घरी खट्टू आहे, तिला एकदा म्हणायची संधी मिळाली तर बरं वाटेल" एवढं पुरे. शिक्षिकेच्या डोक्यात त्या तासाला डबा सांडलेला असतो, दोघांची मारामारी झालेली असते, वरून निरोप आलेला असतो. 'उरलेल्यांचं नंतर' हे वाक्य तिच्या मनातून घंटेबरोबर पुसलं जातं. मुलाच्या मनात मात्र ते वचन म्हणून बसतं. या वयाच्या मुलांना 'नंतर' म्हणजे कधी ते कळत नाही. 'उद्या डबा खाऊन झाल्यावर' असं सांगितलं तर कळतं. म्हणून आमच्या वर्गात राहिलेल्या मुलांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची पद्धत आम्ही पाडली आहे. फळ्यावर स्वतःचं नाव दिसलं की मूल दुसऱ्या दिवसापर्यंत खुशाल थांबतं, वाचता येत नसलं तरी आपलं नाव बरोबर ओळखतं.

वर्गात जी मुलं रडतात, हात धरून ओढतात, त्यांच्याकडे आपोआप लक्ष जातं. तुमच्या लेकीसारखी, गप्प राहून घरी जाणारी मुलं नजरेतून सुटतात. म्हणून तुम्ही सांगणं गरजेचं आहे.

कातळ, पाणी ओतलं ते चालवून घ्यायचं नाही, हे बरोबर. पण ते काम दोन वाक्यांत होतं. "चित्र भिजलं, त्याला वाईट वाटलं. चल, आपण दोघी कागद वाळत घालू." तिथे उलटतपासणी सुरू केली तर ती आणखी घट्ट मिटेल.

---

समिधा

बालमानसशास्त्र हा माझा कामाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पारवा, तुमची लेक वर्गात गप्प राहिली आणि घरी उसळली, यात विपरीत काही नाही. 1984 साली कॅरोलिन सार्नी यांनी मुलांवर एक साधा, पण फार बोलका प्रयोग केला होता. मुलांनी एका कामात मदत केली की त्यांना छान बक्षीस मिळायचं. दुसऱ्या खेपेला त्याच कामाबद्दल तान्ह्या बाळाचं खेळणं हातात ठेवलं गेलं. मोठी मुलं कसंबसं हसून आभार मानत होती. धाकट्यांचा, त्यातही मुलग्यांचा, चेहरा लगेच उतरत होता. पुढे 1986 मध्ये पामेला कोल यांनी तीन-चार वर्षांच्या मुलींना असंच नावडतं बक्षीस देऊन पाहिलं. देणारी बाई समोर असेपर्यंत एवढ्याशा मुलीही हसत होत्या. ती बाहेर गेली की चेहऱ्यावरचं हसू मावळत होतं.

म्हणजे हिरमोड लपवण्याची कला शाळेत जायच्या वयाआधीच मुलांच्या अंगी येऊ लागते. ती वाईट नाही, चारचौघांत वावरायला लागतेच. पण लपवलेलं कुठेतरी ठेवावं लागतं, आणि मूल ते जिथे सुरक्षित वाटतं तिथे, बहुधा आईच्या समोर, काढतं. पाणी ओतून ती तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, हा तुमच्या पोस्टमधला मला सगळ्यात महत्त्वाचा तपशील वाटतो. चोरून खोडी काढायची असती तर ती पळाली असती. तिला तुम्ही बघायला हवं होतं.

आता 'लक्ष दिलं की सवय लागते' याबद्दल. लक्षाची भूक लाडांमुळे लागत नाही, मूल ती जन्मतःच घेऊन येतं. एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आई काही महिन्यांच्या बाळाशी आधी हसून-बोलून खेळते आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ लगेच ओळखतं. हसून बघतं, हुंकार देतं, हात पुढे करतं, आईला परत आणायची सगळी खटपट करतं. काहीच होत नाही असं दिसल्यावर मान वळवतं आणि रडवेलं होतं. बोलताही न येणारं बाळ हे करतं, तर साडेपाच वर्षांची मुलगी 'बघ ना' म्हणणारच.

सवय लागते ती कशाची, हे मात्र बघायला हवं. दहा वेळा साधेपणाने हाक मारली तर कुणी वळून बघत नाही आणि पाणी ओतलं की सगळं घर गोळा होतं, असं होत राहिलं तर मूल पाणी ओतायला शिकतं. कधी दुर्लक्ष करायचं आणि कधी कंटाळून हट्ट पुरवायचा, हे तर सगळ्यात वाईट. अधूनमधून फळ मिळणारं वागणं फार चिवट होतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या काळापासून ठाऊक आहे. म्हणून ओतण्याकडे कमी आणि हाकेकडे जास्त लक्ष द्यायचं.

---

कातळ

समिधाताई, हाकेकडे लक्ष द्यावं हे पटलं. पण माझा मूळ मुद्दा तसाच राहतो. हिरमोड झाला की आपण धावलो तर मूल सोसायला कधी शिकणार?

---

समिधा

आपण धावून नेमकं काय करतो, त्यावर ते ठरतं. धावून जाऊन नवीन खेळणं दिलं, बाईंना दोष दिला, "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला, तर ती भावना आपण तिच्या हातून काढून घेतो. सोसायला काही उरतच नाही. शेजारी बसून "तू एवढी तयारी केलीस आणि म्हणायलाच मिळालं नाही. वाईट वाटलं ना?" एवढंच म्हटलं, तर सोसायचं काम तीच करते. आपण फक्त सोबत असतो.

आणि सोबतीला फार वेळ लागत नाही. दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या आकांडतांडवावर मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांचा 2003 सालचा अभ्यास आहे. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश आकांडतांडवं पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपलेली होती. त्यात राग सुरुवातीला भरभर चढतो आणि उतरतो, दुःख मात्र सगळ्या वेळात पसरलेलं असतं. आरडाओरडा ओसरल्यावर मूल कुशीत शिरायला बघतं, ते त्यामुळेच. त्या घडीला समजावणीचं भाषण करू नये आणि 'नाही' म्हटलेलं बदलूही नये. कुशीत घ्यावं.

तुमचा मुलगा मैदानावर पाच मिनिटांत विसरतो असं म्हणालात. विसरतही असेल. पण त्याचा बाबा सगळं सोडून त्याच्याबरोबर मैदानावर जातो, हेही त्याला त्या पाच मिनिटांत मिळतं.

---

वळचण

दीपमाळ यांनी गप्प मुलांबद्दल लिहिलं, म्हणून राहवलं नाही.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि तो कधीच 'बघ ना' म्हणत नाही. सगळे म्हणतात, किती समजूतदार! खेळात त्याला कुणी घेतलं नाही तर म्हणतो, "मला खेळायचंच नव्हतं." मित्राने बोलावून ऐनवेळी नको म्हटलं, तर म्हणतो, "बरं झालं, मला चित्रच काढायचं होतं." आणि खरोखर चित्र काढत बसतो. पाठीमागून बघितलं तर कळतं, तोच तोच कोपरा गिरवत असतो, कागद फाटेपर्यंत.

अशा मुलाला थेट "तुला वाईट वाटलं का?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नाही." म्हणून आम्ही दोघं घरी विचारत नाही, सांगतो. जेवताना माझे यजमान म्हणतात, "आज माझं काम कुणी बघितलंच नाही, एवढं मन लावून केलं होतं, जरा खट्टू झालो." एवढंच, आणि पुढे जेवायला लागतात. थोड्या वेळाने, कधी कधी तर दुसऱ्या दिवशी, मुलगा म्हणतो, "बाबा, मलाही आज कुणी घेतलं नाही." त्याला उत्तर नको असतं. बाबा म्हणतात, "हं. लागतं ना असं झालं की." तेवढ्याने त्याचे खांदे सैल पडतात, मी स्वतः बघितलंय.

आणखी एक. झोपायच्या आधी दिवा मालवल्यावर तो जास्त बोलतो. समोरासमोर, डोळ्यांत डोळे घालून बोलायचं त्याला जड जातं. अंधारात किंवा शेजारी शेजारी चालताना मोकळा होतो. पारवाताई, तुमची लेकही भिंतीकडे तोंड करूनच बोलली ना? तिचा चेहरा आपल्याकडे वळवायची घाई करू नये असं मला वाटतं.

मोठ्याने मागणाऱ्या मुलांचा आपल्याला वैताग येतो, पण ती निदान मागतात. न मागणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

---

ओंजळ

वळचण, फार मोलाचं लिहिलंत. 'विचारत नाही, सांगतो' हे मी आजपासून करणार.

---

रानवाट

चांगली चर्चा. एक शंका आहे. 'बघ ना'ला मी नेहमी "वा! किती छान! हुशार आहेस!" असंच उत्तर देते. मुलगी तेवढ्यापुरती खूश होते आणि दोन मिनिटांत परत येते, "आणि हे?" समाधान होतच नाही. असं का?

---

दीपमाळ

कारण 'वा छान' हे न बघताही म्हणता येतं, आणि मुलांना ते बरोबर कळतं. मूल चित्र घेऊन आलं की मी आधी खरंच बघते आणि दिसतं ते बोलते. "छपराला जांभळा रंग दिलास. आणि ही खिडकी दाराच्या खाली कशी?" यात कौतुकाचा एक शब्द नाही. तरी मूल खिडकीची सगळी गोष्ट सांगतं आणि तृप्त होऊन जागेवर जातं.

---

समिधा

दीपमाळ यांना पूर्ण अनुमोदन. 'हुशार आहेस'बद्दल थोडी भर घालते, कारण त्याचा हिरमोडाशी थेट संबंध आहे. 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलीस' म्हटलं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कुणालाच नीट सुटली नाहीत. 'हुशार' म्हणवून घेतलेल्या मुलांचा त्यानंतर कोड्यांतला रस जास्त उडाला आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही ती मागे पडली. अपयश आल्यावर त्यांना वाटतं की आपली हुशारीच खोटी ठरली. तुमची मुलगी लहान आहे, पण आतापासून "तू ते परत परत करून बघितलंस" म्हणायची सवय लावून घेतली तर पुढे उपयोगी पडेल.

पारवा, तुमच्यासाठी एक करून बघण्यासारखं. शीला आयबर्ग यांनी 1970च्या दशकात पालक आणि लहान मुलांसाठी एक उपचारपद्धती बांधली. त्यात आईबाबांना गृहपाठ असतो, रोज पाच मिनिटं मुलाबरोबर खेळायचं आणि खेळ मुलाने ठरवायचा. त्या वेळात हुकूम द्यायचे नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. मूल काय करतंय ते बोलून दाखवायचं, त्याचं बोलणं उचलून धरायचं, चांगलं केलेलं नेमकेपणाने सांगायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण करून बघा, प्रश्न न विचारणं किती अवघड जातं ते कळेल. आणि तिच्या वागण्यावर नाराज असाल त्या दिवशीही ही पाच मिनिटं रद्द करायची नाहीत. ती बक्षीस म्हणून द्यायची नसतात.

---

पारवा

सगळ्यांचे मनापासून आभार. जे केलं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

बाईंशी बोलले, दीपमाळताईंनी सुचवलेल्या शब्दांत. त्यांनी लगेच मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी डबा झाल्यावर उरलेल्या सगळ्यांना संधी दिली. लेक उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्यात अडकली. घरी येऊन सांगितलं, "मी विसरले, मग बाईंनी पहिला शब्द सांगितला, मग आठवलं." मी म्हटलं, "अडकलीस आणि तरी पुढे म्हटलंस." ती म्हणाली, "हो, पण हात वर करायचा राहिला." त्याची थोडी खंत आहे, आणि ती तशीच राहू दिली आहे मी.

रोजची पाच मिनिटं सुरू केली. पहिल्यांदा तिने मला बाहुली केलं आणि हलू दिलं नाही. प्रश्न न विचारणं खरंच कठीण आहे! 'बघ ना' बंद झालेलं नाही. पण हातात काम असतं तेव्हा "ही पोळी भाजून झाली की बघते" असं नेमकं सांगते आणि खरंच बघते, त्यामुळे ती तेवढं थांबते. पूर्वी 'थांब गं' म्हटलं की ओरडा वाढायचा.

अडचण आता धाकट्याची आहे. तो पाच मिनिटांत मध्ये मध्ये घुसतो आणि लेक चिडते.

---

दीपमाळ

त्यालाही त्याची स्वतंत्र पाच मिनिटं द्या, आणि कुणाची कधी हे दोघांना आधीच माहीत असू द्या. दारावर चित्र लावा, सूर्य असेल तेव्हा ताईची वेळ, चांदोबा असेल तेव्हा त्याची. आजी घरात आहेत, तर तेवढा वेळ त्यांच्याकडे धाकट्याला गोष्ट ऐकायला बसवा. पहिले काही दिवस तो दार वाजवणारच. दोघांना एकत्र घेऊन तडजोड मात्र करू नका, तसं केलंत तर दोघांनाही अर्धंच मिळेल.

---

कातळ

परवा मुलाला मैदानावर नेताना विषय बदलला नाही. "संघात घेतलं नाही, लागलं ना?" एवढंच म्हटलं. मैदान येईपर्यंत तो बोलत होता. नोंद करून ठेवतो.

---

झुळूक

उशिरा लिहिते आहे, पण धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. मनासारखं झालं नाही की जमिनीवर डोकं आपटतो. लक्ष वेधायला करतो म्हणून दुर्लक्ष करा असं सगळे सांगतात. मला भीती वाटते.

---

समिधा

झुळूक, आधी त्याला इजा होऊ द्यायची नाही. डोक्याखाली हात किंवा उशी सरकवा, कडक जागेपासून बाजूला घ्या. तेवढं करताना फार बोलू नका, चेहरा शांत ठेवा. ते ओसरल्यावर जवळ घ्या आणि त्याच्या वतीने शब्द द्या, "तुला ते हवं होतं, मिळालं नाही, खूप राग आला." ज्या गोष्टीवरून सुरू झालं ती मात्र त्या क्षणी देऊ नका.

दुसरं, हे रोज होत असेल, फार वेळ चालत असेल, त्याला किंवा दुसऱ्याला लागत असेल, बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, किंवा एरवीही तो नजर देणं, खेळणं टाळत असेल, तर नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाण्याआधी थोडे दिवस वहीत लिहून ठेवा. कधी झालं, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ चाललं, झोप आणि खाणं कसं होतं. भूक आणि अपुरी झोप यांचा वाटा पुष्कळदा त्या वहीतूनच उघड होतो, आणि डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो.

---

झुळूक

बोलणं जरा मागेच आहे. दोन-तीन शब्दांपुढे वाक्य जात नाही. आजपासून वही सुरू करते आणि डॉक्टरांची वेळ घेते. धन्यवाद, ताई.